खिडकीच्या आतले, खिडकीच्या बाहेरचे

अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या धंद्यात गुरुवारची रात्र महागडी समजली जायची. नवे सिनेमे तिथे शुक्रवारी लागतात आणि खरेदीला लोक शनिवार-रविवारी बाहेर पडतात. गिऱ्हाईक गाठायचं तर त्याच्या आदल्या रात्री, हा जाहिरातदारांचा हिशेब. एनबीसी वाहिनीने ही रात्र वर्षानुवर्षं विनोदी मालिकांसाठी राखून ठेवली. 'चीअर्स', 'साइनफेल्ड', 'फ्रेंड्स' या सगळ्या गुरुवारच्या. २००४ मध्ये 'फ्रेंड्स' संपली आणि त्यातल्या कॉफीच्या दुकानाच्या जागी हळूहळू ऑफिसं आली. २००९ च्या हिवाळ्यात गुरुवारचा क्रम असा होता: आठला 'कम्युनिटी', साडेआठला 'पार्क्स अँड रिक्रिएशन', नऊला 'द ऑफिस', साडेनऊला '३० रॉक'. पहिली कॉलेजातली, ती सोडून देऊ. उरलेल्या तिन्ही नोकरदारांच्या. एकीत इंडियाना राज्यातल्या पॉनी नावाच्या काल्पनिक गावाचं उद्यान खातं, दुसरीत पेनसिल्वेनियातल्या स्क्रँटनची कागद विकणारी शाखा, तिसरीत खुद्द एनबीसीचंच ऑफिस.

माझ्या लेकीने त्यातला एक गुरुवार निवडला, ३ डिसेंबर २००९, आणि त्या रात्री लागलेले हे तीन भाग त्याच क्रमाने तिच्या मामाला दाखवले. मामा म्हणजे माझा मेव्हणा. जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेला, अजूनही पेनाला टोपण लावल्याशिवाय उठत नाही. लेक हिंजवडीच्या एका कंपनीत एचआर बघते. जाहिराती वगळल्या तर एक भाग एकवीस-बावीस मिनिटांचा. म्हणजे रात्र तासाभरात आटोपली, आणि मग जेवताना हात वाळेपर्यंत वाद चालला. त्यातला आठवला तेवढा इथे देतो. मध्ये मध्ये मी बोललो तेवढं गाळलं आहे, कारण दोघांनीही ते ऐकलं नव्हतं.

मामा : आधी मला सांग, हसायचं कुठे? मागे कोणी हसत नाही, संगीत वाजत नाही. माणूस काहीतरी वेडगळ बोलतो आणि सगळे गप्प.

भाची : तीच तर गंमत आहे. 'फ्रेंड्स'चं शूटिंग समोर प्रेक्षक बसवून व्हायचं, इथे तसं नाही. आणि यातल्या दोन मालिकांत तर ऑफिसात माहितीपटवाले शिरलेत असं गृहीत धरलंय. म्हणून ती माणसं मधेच कॅमेऱ्याकडे बघतात, एकेकटी बसून कॅमेऱ्याशी बोलतात.

मामा : आमच्याकडे शिरले असते तर आधी परवानगीचं पत्र मागितलं असतं. मग त्यावरचा जावक क्रमांक बघितला असता. मग म्हटलं असतं, साहेब दौऱ्यावर आहेत.

भाची : साडेआठची तर तुला आवडली. मी बघत होते.

मामा : उद्यान खात्याची ना? आवडली. तो मिशीवाला साहेब फार आवडला.

मिशीवाला म्हणजे रॉन स्वान्सन. उद्यान खात्याचा प्रमुख, आणि सरकार नावाची गोष्टच नसावी असं मानणारा. आपल्या खात्यात काम होऊ नये यासाठी तो मनापासून झटतो. त्याच्या हाताखाली लेस्ली नोप, जिला सरकारी नोकरीहून पवित्र काही वाटत नाही. ग्रेग डॅनियल्स आणि मायकल शूर यांनी ही मालिका एप्रिल २००९ मध्ये सुरू केली, ती एका खड्ड्यावर. बांधकाम अर्धवट सोडून गेलेल्या जागेवरचा खड्डा, त्यात एक माणूस पडून पाय मोडून घेतो, आणि लेस्ली म्हणते, इथे बाग करीन. खड्डा बुजायला दुसरं पर्व उजाडावं लागलं.

मामा : खड्ड्याचं ऐकून बरं वाटलं. निदान तेवढ्या बाबतीत आपण अमेरिकेच्या बरोबरीने आहोत.

भाची : आणि टॉम? आपल्या तोंडवळ्याचा?

मामा : तो घटस्फोटवाला? त्याचं मला कळलं नाही. बायको त्याची गोरी, आणि लग्न म्हणे नागरिकत्वासाठी. मला वाटलं, त्याला हवं असेल ग्रीन कार्ड.

भाची : तिलाच हवं होतं! ती कॅनडाची. तो जन्मापासून अमेरिकन, साउथ कॅरोलायनाचा. नावसुद्धा त्याने बदलून घेतलंय. मूळचा दरवेश सबीर इस्माईल गनी, राजकारणात शिरायचं म्हणून टॉम हॅवरफर्ड झाला. बघणाऱ्याच्या डोक्यात जे आधीच बसलंय, त्याच्या बरोब्बर उलटं केलंय.

मामा : ते चांगलं आहे, मान्य. पण मला त्या मालिकेत खुपलं ते दुसरंच. मागे तू मला जनसुनावणीचे तुकडे दाखवले होतेस बघ. गावातले लोक येतात आणि एकेक काय बोलतात! कोणी ओरडतोय, कोणी भलतंच विचारतोय. खिडकीच्या आतले सगळे शहाणे नाहीतर गोड, आणि बाहेरचे तेवढे येडे?

भाची : मामा, तू स्वतः खिडकीच्या आत होतास. घरी येऊन तू काय काय सांगायचास, ते आईने मला सांगितलंय.

मामा : सांगायचो ना. घरी सांगायचो. त्याची मालिका काढली नाही.

इथे वादाला त्याची खरी दिशा मिळाली, असं मला वाटतं. मेव्हण्याच्या डोक्यात कधीपासून 'ऑफिस ऑफिस' होती. सब टीव्हीवर २००१ मध्ये सुरू झालेली, पंकज कपूरची. मुसद्दीलाल नावाचा साधा माणूस कामासाठी कुठल्या ना कुठल्या ऑफिसात जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तीच पाच माणसं भेटतात. देवेन भोजानी, मनोज पाहवा, संजय मिश्रा, हेमंत पांडे आणि आपली आसावरी जोशी. आज वीज मंडळ, उद्या इस्पितळ, परवा आणखी काही. खाती बदलतात, खुर्चीवरची माणसं तीच. इतक्या स्वस्तात इतकी अचूक गोष्ट सांगणारी दुसरी कल्पना भारतीय दूरचित्रवाणीवर मला तरी आठवत नाही.

मामा : मुसद्दीलालमध्ये कॅमेरा कुठे होता? त्याच्याबरोबर. खिडकीच्या बाहेर, रांगेत. तुझ्या तिन्ही मालिकांत कॅमेरा आत आहे, बाबू लोकांच्या मांडीला मांडी लावून. आत बसलं की कुणीही आवडायला लागतं गं. माझ्या शेजारच्या टेबलवर एक जण होता. दिवसाकाठी कामाची चार कागदं हलवायचा नाही, पण माणूस असा की त्याच्या निरोप समारंभात शिपाईसुद्धा रडला. बाहेर रांगेत उभं असलेल्याला विचार तो कसा होता ते.

भाची : म्हणजे काय, आतल्या माणसांवर मालिकाच करायची नाही? दिवसाचे दहा तास आम्ही आत असतो. मुसद्दीलाल मला आवडतो, पण मी मुसद्दीलाल नाही. हेलपाटे मी वर्षातून दोनदा घालते. मीटिंगला रोज बसते.

मामा : तू टोबी आहेस.

टोबी हा 'द ऑफिस'मधला एचआरवाला. शाखेचा मॅनेजर मायकल स्कॉट त्याचा इतका द्वेष करतो की तो खोलीत आला तरी मायकलचा चेहरा पडतो. ही भूमिका करणारा पॉल लीबरस्टीन मालिकेचा लेखकही होता. मेव्हण्याला हे कुठून कळलं कोण जाणे. मी समजत होतो त्याचं सगळं लक्ष पापडांकडे आहे.

भाची : हो, आहे टोबी. आणि मला त्याचं काही वाटत नाही. तू हसशील, पण लॉकडाऊनमध्ये मी ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. दोनशे एक भाग. मी एकटीच नाही. अमेरिकेत २०२० साली इंटरनेटवर सगळ्यात जास्त बघितली गेलेली मालिका हीच. नील्सनचा आकडा आहे, ५७ अब्ज मिनिटं. संपून सात वर्षं झालेली मालिका!

मामा : ऑफिसं बंद होती आणि लोक ऑफिस बघत होते.

भाची : हो. कारण आमच्याकडे राहिलं होतं ते नुसतं काम. चहाला जाणं नाही, कुणाच्या टेबलाशी उभं राहणं नाही. ऑफिसातून काम वजा केलं की जे उरतं ते या मालिकेत आहे.

मामा : आता बोललीस. काम वजा केलं की! मी तेच म्हणतोय. तिथे काम दिसतच नाही. पगार किती, वाढ मिळाली का, कुणाची बदली, कुणाची पदोन्नती अडकली, काही नाही. आमच्या ऑफिसात दुसरा विषय नसायचा.

भाची : आहे की. दुसऱ्या पर्वात गोदामातले कामगार युनियन करायची म्हणतात, तो भाग आहे. मुख्य कार्यालयातून जॅन येते आणि सरळ सांगते, युनियन झाली तर शाखा बंद. विषय तिथेच संपतो. ती वीस मिनिटं कामगारांबद्दल जेवढं सांगून जातात, तेवढं आपल्या मालिकांनी कधी सांगितलंय? आपल्याकडे तर विनोद घराबाहेरच पडत नाही. टिपरे काय, साराभाई काय, सगळे दिवाणखान्यात.

मामा : टिपऱ्यांना नावं ठेवू नकोस.

भाची : ठेवत नाही. पण बाबा टिपरे ऑफिसला जातात म्हणजे काय करतात, ते आपण कितीदा बघितलं?

यावर मेव्हणा गप्प झाला. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल आहे. तिथे हात घालायला माझी लेकच हवी. मुद्दा मात्र तिचा खरा आहे. मराठी माणूस पिढ्यानपिढ्या नोकरी करत आला. पुलंच्या 'असा मी असामी'चा नायक कारकून, व. पु. काळ्यांची निम्मी माणसं नोकरदार. छापील विनोदात ऑफिस होतं. पडद्यावर येताना ते कुठे सांडलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

भाची : आणि नुसतं पडद्यावर नाही. २००७ च्या नोव्हेंबरात लेखकांचा संप झाला, शंभर दिवस चालला. भांडण कशाचं, तर इंटरनेटवर दाखवलेल्या गोष्टींचे पैसे. 'द ऑफिस'च्याच लेखकांनी त्याआधी इंटरनेटसाठी छोटे छोटे भाग लिहिले होते, हिशेबनीस लोकांवरचे. कंपनी म्हणाली, ही तर मालिकेची जाहिरात आहे, याचा मोबदला कसला? मग संप. स्टीव्ह कॅरेल, म्हणजे मायकल स्कॉट, सेटवर गेलाच नाही. मालिका ठप्प. मिंडी केलिंग, लीबरस्टीन, सगळे फलक घेऊन रस्त्यावर.

मामा : टोबी मोर्चात?

भाची : टोबी मोर्चात.

मामा : मग त्याला माझा नमस्कार सांग. आमच्या आधीच्या लोकांनी संपात ५४ दिवस काढले होते, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरला. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली. मी नोकरीला लागलो तेव्हा माणसं अजून त्याच्याच गोष्टी सांगायची. कुणी दागिने मोडले, कुणी गावाकडून तांदूळ आणला. शंभर दिवस म्हणजे थट्टा नाही. पण मग मला सांग, इतकं सगळं ज्यांना माहीत होतं, त्यांनी साहेब इतका लाडका का केला?

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. मूळ 'द ऑफिस' ब्रिटनची, २००१ ची, रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची. तिचे सगळे मिळून चौदा भाग. त्यातला साहेब डेव्हिड ब्रेंट बघवत नाही असा आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याची नोकरी जाते आणि तो ती परत द्या म्हणून गयावया करतो. अमेरिकेने २००५ मध्ये नक्कल केली, पहिला भाग तर जवळजवळ ओळीला ओळ. सहा भागांचं पहिलं पर्व थंडच गेलं. मग दुसऱ्या पर्वापासून मायकल स्कॉटला मऊ केलं. तो मूर्ख राहिला, पण त्याला विकता येतं आणि त्याला माणसं हवी असतात, हे दिसू लागलं. चौदा भागांपुरता खडूस माणूस चालतो. दोनशे गुरुवार घरात घ्यायचा तर तो कुणाचा तरी काका वाटावा लागतो.

भाची : तुला मी सांगते तो मला का आवडतो. दुसऱ्या पर्वात हॅलोविनचा भाग आहे. वरून हुकूम आलाय, महिनाअखेर एक माणूस कमी करा. मायकल दिवसभर टाळतो. याला बोलाव, त्याला बोलाव, कुणालाच सांगता येत नाही. शेवटी एकाला सांगतो आणि रात्री घरात एकटा बसून राहतो. मग शेजारची पोरं गोळ्या मागायला येतात, तेव्हा जरा हसतो. आमच्याकडे माणूस कमी करायचा असला तर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल असतो. तो मी घेते. कोणती वाक्यं बोलायची ते लिहून आलेलं असतं. 'सॉरी' म्हणायचं नाही, असंही त्यात असतं. कॉल संपला की त्या माणसाचा लॅपटॉप बंद पडतो, कधीकधी तो बोलत असतानाच. आणि साडेअकराला दुसरा कॉल. मामा, मला रात्री असा साहेब बघायचा असतो ज्याला ते सांगता येत नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. तिच्या नोकरीतलं हे काम मला माहीत होतं. ते असं तपशिलात तिने घरात पहिल्यांदा सांगितलं.

मामा : तू म्हणतेस ते मला कळतं. पण बघ, तिथेही आपण कुणाबरोबर बसलो? सांगणाऱ्याबरोबर. ज्याची नोकरी गेली तो त्या रात्री कुठे बसला होता?

भाची : तो पुन्हा दिसतो. शेवटच्या भागात त्याला परत नोकरी मिळते.

मामा : आठ वर्षांनी.

भाची : आठ वर्षांनी.

मामा : आणि तो दुसरा, तो उंच पोरगा. कुणी काही बोललं की कॅमेऱ्याकडे बघतो. जणू मी यातला नव्हेच. बघतो आणि परत काम करतो, नऊ वर्षं. आमच्याकडे असे फार होते. सगळ्या गोष्टींना हसायचे आणि सगळ्या कागदांवर सही करायचे.

भाची : जिमला काही बोलायचं नाही हं.

साडेनऊच्या '३० रॉक'वर दोघं फार थांबले नाहीत. टीना फेची मालिका. एका विनोदी कार्यक्रमाची प्रमुख लेखिका लिझ लेमन आणि तिच्या डोक्यावर बसलेला जनरल इलेक्ट्रिकचा माणूस जॅक डोनागी, ज्याच्या हुद्द्यातच दूरचित्रवाणी आणि मायक्रोवेव्ह ओव्हन एकत्र आहेत. त्या रात्रीच्या भागात लिझला स्वतःचा कार्यक्रम मिळतो आणि नव्या एचडी कॅमेऱ्यात ती भयंकर दिसते. वाहिनीच्या ऑफिसातला भाबडा केनेथ तर चक्क कापडी बाहुला दिसतो. मेव्हणा याला खळखळून हसला. पण त्या तारखेची खरी गोष्ट पडद्याबाहेर घडली होती. ३ डिसेंबर २००९ याच दिवशी कॉमकास्ट या केबल कंपनीने जाहीर केलं, की जनरल इलेक्ट्रिककडून एनबीसी युनिव्हर्सलचा ५१ टक्के हिस्सा आपण घेत आहोत. मालकाची टिंगल करणारी मालिका लागली त्याच दिवशी मालक बदलायचा करार झाला. पुढच्याच वर्षी मालिकेत 'केबलटाउन' नावाची फिलाडेल्फियाची कंपनी आली आणि टिंगल नव्या मालकाच्या नावे चालू राहिली.

भाची : हे धाडस नाही? ज्याचा पगार घ्यायचा त्यालाच...

मामा : धाडस कसलं! आमच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक नाटुकलं व्हायचं, साहेबांची नक्कल. साहेब पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने हसायचे, नक्कल करणाऱ्याला शंभर रुपयांचं बक्षीस द्यायचे. सोमवारी त्याच साहेबांनी त्याच माणसाची रजा नामंजूर केलेली मी पाहिली आहे. हसू दिलं की माणूस बाकीचं मागत नाही.

भाची : आणि हसूही दिलं नाही तर?

याला मामाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

आता नऊची मालिका. ती शेवटी ठेवली, कारण भांडण तिच्यावर पेटलं. त्या रात्रीच्या भागाचं नाव 'स्कॉट्स टॉट्स'. दहा वर्षांपूर्वी मायकल स्कॉटने तिसरीतल्या एका वर्गाला शब्द दिलेला असतो: तुम्ही शाळा पूर्ण करा, तुमच्या कॉलेजची फी मी भरीन. आपण चाळिशीत लक्षाधीश होऊ असं तेव्हा त्याला वाटत होतं. तो काही झाला नाही, आणि मुलं मोठी झाली. आता शाळेने त्याचा सत्कार ठेवला आहे. गरीब वस्तीतली मुलं, बहुतेक कृष्णवर्णीय. ती त्याच्यासाठी गाणं म्हणतात, नाचतात, आभार मानतात. त्यानंतर त्याला उठून सांगावं लागतं की पैसे नाहीत. फीच्या ऐवजी तो लॅपटॉपच्या बॅटऱ्या वाटतो. नुसत्या बॅटऱ्या.

जगभर हा भाग लोक टाळतात. मालिका पाचव्यांदा बघणारेही इथे आले की पुढचा भाग लावतात. माझी लेक त्यातलीच. त्या रात्री तिने तो मामासाठी सहन केला, उशी मांडीवर घेऊन.

भाची : हा भाग मी कापूनच टाकला असता. मायकल मूर्ख आहे, पण दुष्ट नाही. इथे लेखकांनी त्याला नको तिथे नेऊन उभं केलं.

मामा : अगं, मला तर आख्ख्या रात्रीत हाच एक खरा वाटला.

भाची : यात हसायला काय आहे?

मामा : काही नाही. म्हणूनच तर. तुझी मालिका बाहेर पडली. इतर वेळी तो काय करतो? ऑफिसातल्या लोकांना छळतो. त्यांना पगार मिळतो, ते कॅमेऱ्याकडे बघतात, संध्याकाळी घरी जातात. फिटंफाट. या पोरांना कॅमेऱ्याकडे बघायची सोय नाही. ती रांगेत उभी आहेत, दहा वर्षं.

भाची : पण परत जाताना ती रिसेप्शनिस्ट, एरिन, त्याला काय सांगते ते ऐकलंस ना? त्या वर्गातली नव्वद टक्के पोरं शाळा पूर्ण करणार आहेत. बाकीच्या शाळेपेक्षा कितीतरी जास्त. खोट्या आशेवर का होईना, शिकली.

मामा : हे वाक्य मी कुठे ऐकलंय सांगू? प्रत्येक फसलेल्या योजनेच्या अहवालात. योजना जाहीर झाली, फोटो निघाले, आदेश निघाला, आणि देयक आमच्याकडे आलं की लेखाशीर्षाखाली तरतूद शून्य. आम्ही आक्षेपाचा कागद लावायचो, 'अनुदान उपलब्ध नाही', आणि खिडकीतून परत द्यायचो. समोरचा म्हणायचा, साहेब, पण मंत्र्यांनी सांगितलं होतं.

भाची : मग तू काय म्हणायचास?

मामा : पुढचा, म्हणायचो.

भाची : बघ! तू निदान मायकलला तरी बोलू नकोस. तो स्वतः गेला तिथे. पत्र पाठवू शकला असता, आजारी पडू शकला असता. गेला, उभा राहिला, पोरांच्या शिव्या खाल्ल्या. एका पोराला पुस्तकांचे पैसे द्यायचं कबूल केलं, तेवढीच ऐपत होती. तुम्ही लोकांनी तर खिडकीला जाळी बसवली.

मामा : जाळी सुरक्षेसाठी होती.

भाची : कुणाच्या?

मेव्हण्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. त्याला नोव्हेंबर आठवला असावा, कारण पुढे तो दाखल्यांबद्दलच बोलला. नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले. जिल्ह्यातले सगळे निवृत्त लोक आपण जिवंत आहोत हे सांगायला येण्याचा महिना. मुसद्दीलालवर २०११ मध्ये सिनेमा निघाला तो नेमका यावरच: कागदोपत्री मेलेल्या मुसद्दीला आपण जिवंत असल्याचं पटवून द्यावं लागतं. मेव्हण्याने तो बघितला आहे आणि त्याला तो अतिशयोक्त वाटला नाही.

मामा : एक आजी यायच्या, शाळेतल्या शिपायाची विधवा. अंगठा उठवायच्या. अंगठ्याच्या रेषा पार झिजलेल्या, ठसा म्हणजे नुसता काळा डाग. आमचा एक जण म्हणाला, आजी, हा काही तुमचा अंगठा वाटत नाही. आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या. आता तुझ्या या लोकांनी ते चित्रीकरण केलं असतं तर कुणाचा चेहरा जवळून घेतला असता?

भाची : आजींचा.

मामा : छे. आमच्यातल्या त्या उंच पोराचा. तो कॅमेऱ्याकडे बघतो तो चेहरा. आणि तुम्ही म्हटलं असतं, किती संवेदनशील आहे.

भाची : आणि 'ऑफिस ऑफिस'वाल्यांनी घेतला असता तर आजींचा घेतला असता, तू खलनायक झाला असतास, आणि लोक म्हणाले असते, हे सगळे असलेच. तू त्या दिवशी घरी येऊन जेवला नव्हतास, ते कुणाला कळलंच नसतं.

मामा : हे तुला कुणी सांगितलं?

भाची : आईने.

मामा : ताईला काही गुपित ठेवता येत नाही. दाजी, तुम्ही तरी काही बोला.

मी काही बोललो नाही. एक मात्र नमूद करतो. 'स्कॉट्स टॉट्स'मध्ये जी एक व्यक्ती पोट धरधरून हसते, ती स्टॅनली. आख्ख्या मालिकेत शब्दकोडी सोडवत तोंड पाडून बसणारा, निवृत्तीची वाट बघणारा सेल्समन. दहा वर्षांपूर्वीच्या बातमीचं कात्रण सापडतं आणि त्याला हसू आवरत नाही. मेव्हण्याने स्टॅनलीला पहिल्याच मिनिटाला ओळखलं होतं, 'हा आमच्या आस्थापना शाखेतला,' असं म्हणून.

मामा : त्या पोरांचं पुढे काय झालं?

भाची : पुढच्या गुरुवारी नाताळचा भाग होता. सीक्रेट सँटा.

मामा : म्हणजे त्यांना भेटवस्तू?

भाची : नाही रे. ऑफिसातली पार्टी. सांताक्लॉज यंदा फिलिसने व्हायचं ठरतं, आणि मायकल स्वतःच सांताचे कपडे घालून येतो. मग भांडण. ते मिटेना म्हणून तो जातो आणि येशू ख्रिस्त होऊन येतो.

मामा : येशू?

भाची : दाढीबिढी लावून.

मामा हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आमच्याकडे गणपतीत अध्यक्ष कोण यावरून असंच झालं होतं. लाव तो, बघू."